काठावरचा माणूस

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं लेकीकडे लॉस एंजेलिसला होतो. एका शनिवारी जावयांनी गाडी काढली आणि म्हणाले, "अम्मी, अब्बा, चला. आज तुम्हाला इम्रानचा खेळ दाखवतो."

इम्रान आमचा धाकटा. वॉटरपोलो हा शब्द मिरजेतल्या आमच्या घरात त्याच्यामुळेच आला, आणि दोन वर्षांपासून तो भांडणाचाच शब्द झाला आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत टाकलेलं पोरगं. त्यात कौतुक नव्हतं. हजरत उमर यांनी मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवायला सांगितलं होतं असं आमच्याकडे थोरली माणसं सांगत, म्हणून घरातली सगळीच पोरं पोहायला शिकली. पण बाकीची पोरं विहिरीतून बाहेर आली, हा आलाच नाही. कॉलेजात वॉटरपोलो खेळला, विद्यापीठाच्या संघात गेला. आम्ही खूश होतो. मग बी.कॉम. झाल्यावर म्हणाला, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत वर्षभराचा डिप्लोमा करतो आणि कोच होतो. तिथून घरातली शांतता गेली.

आमचं म्हणणं साधं होतं, बँकेच्या परीक्षा दे. एका तलावावर तो उन्हाळी बॅचला शिकवत होता. पावसाळ्यात बॅच बंद, पैसेही बंद. एक स्थळ आलं होतं, माणसं भली. मुलगा काय करतो विचारलं. पोहायला शिकवतो म्हटल्यावर मुलीच्या मामूंनी अगदी सहज विचारलं, "हां, आणि बाकी?" चहा संपला, माणसं गेली. ते "आणि बाकी?" अजून आमच्या बैठकीत बसलेलं आहे.

तर आम्ही यूसीएलएच्या उघड्या तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. खेळाडूंच्या अंगावर कपडा म्हणावा तर नावालाच. पहिली दहा मिनिटं आम्ही धावफलकच पाहत होतो. मग खेळ कळायला लागला. दोन्हीकडे सात-सात जण. तळाला पाय टेकवायचा नाही, त्यामुळे आठ-आठ मिनिटांचे चार डाव पाण्यात पाय मारत उभं राहायचं. गोलकीपर सोडला तर चेंडू एकाच हाताने धरायचा. पाण्यावर जे दिसतं ते निम्मंच. खाली कोण कुणाचा पाय ओढतो, कुणाची कंबर धरतो, हे पंचालाही पुरतं दिसत नाही. हे सगळं आपला पोरगा करत होता आणि घरी येऊन नुसतं "दमलो" म्हणत होता.

जावयांनी काठाकडे बोट दाखवलं. "तो कोच. ॲडम राइट."

पुढची हकीकत त्यांनी तिथे आणि परतीच्या वाटेवर सांगितली. राइट याच विद्यापीठातून खेळला. 2008 साली बीजिंगला अमेरिकेने ऑलिम्पिक रौप्यपदक मिळवलं त्या संघात तो होता. अंतिम सामना ते हंगेरीशी 14-10 असे हरले. पुढच्याच वर्षी, 2009 मध्ये, तो इथला मुख्य कोच झाला. पण खेळणं सोडलं नाही. 2012 ला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये पाण्यात होता. म्हणजे उन्हाळ्यात दुसऱ्या कोचचं ऐकायचं, आणि दोन महिन्यांत इथे काठावर उभं राहून पोरांना ऐकवायचं. उस्ताद झाल्यावरही शागीर्द राहणं आपल्याकडे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत दिसतं. खेळात आम्ही ऐकलं नव्हतं.

त्याच्या आधी ही जागा ॲडम क्रिकोरियन यांच्याकडे होती. (दोघांचंही नाव आपलं आदमच, यावर गाडीत थोडी करमणूक झाली.) राइटने त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलं होतं. क्रिकोरियन खेळाडू म्हणून ऑलिम्पिकला कधी गेले नाहीत, पण अमेरिकेच्या महिला संघाला त्यांनी 2012, 2016 आणि टोकियो अशी लागोपाठ तीन सुवर्णपदकं मिळवून दिली. हे ऐकून आम्ही थोडा वेळ गप्प होतो. पदक मिळवणारा आणि शिकवणारा ही दोन वेगळी कामं आहेत हे आम्ही कधी धरलंच नव्हतं. इम्रानला आम्ही म्हणत आलो होतो की तू असा कुठला मोठा खेळाडू लागून गेलास, की दुसऱ्यांना शिकवणार?

राइटच्या हाताखाली हा संघ 2014 आणि 2015 ला लागोपाठ विजेता झाला. 2015 चा अख्खा मोसम, तीस सामने, एकही न हरता. त्या काळात सलग 57 सामने जिंकले. 2024 मध्ये पुरुषांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ अजिंक्य ठरले, आणि दोन्हींचा कोच हाच.

"पण खातात काय?" आमच्यातल्या एकाने विचारलंच.

जावई हसले. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. वॉटरपोलो तिथेही श्रीमंतांचा धंदा नाही. चांगल्या खेळाडूला कमवायचं तर इटली, ग्रीस, हंगेरीतल्या क्लबांत जावं लागतं. कॉलेजांतही अलीकडेपर्यंत पुरुषांच्या एका संघाला साडेचारच शिष्यवृत्त्या देता येत. हो, साडेचार! त्या वीस-पंचवीस पोरांत तुकडे करून वाटायच्या. पण कोचला विद्यापीठाचा पगार. तो नोकरदार माणूस, प्राध्यापकासारखा. तिथे कुणी "आणि बाकी?" विचारत नाही.

इथेच आमचा जीव अडकला. आपल्याकडे तो पगार देणारा कोण? राइटची गोष्ट मिरजेत आणून लावली तर फसगत होईल, हे आम्हाला कळतं. भारताने 1951 साली दिल्लीच्या पहिल्या एशियाडमध्ये वॉटरपोलोचं सुवर्ण जिंकलं होतं, हे इम्रानच आम्हाला ऐकवत असतो. नंतर 1970 ला रौप्य, 1982 ला कांस्य, आणि पुढे काही नाही. 1951 चे ते खेळाडू तलावातून बाहेर आल्यावर त्यांच्याही घरी कुणी मामू येऊन बसले असतील.

पण एक गोष्ट मात्र पाहिली ती पाहिली. सामना संपल्यावर हरलेल्या संघाचा एक मुलगा पाण्यातच राहिला होता, तोंड भिंतीकडे करून. त्यांचा सहायक कोच, पोरसवदाच, काठावर उकिडवा बसला आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिला. मुलाने शेवटी मान हलवली आणि बाहेर आला. इम्रान उन्हाळी बॅचच्या रडणाऱ्या पोरांसमोर असाच बसतो. आम्ही त्याला डबा द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं, आणि उशीर होतोय म्हणून हाक मारली होती.

रात्री व्हिडिओ कॉल लावला. मिरजेत सकाळ झाली होती. इम्रानने सलाम केला आणि लगेच विचारलं, "समोरचा एक माणूस बाहेर काढल्यावर यांनी कशी मांडणी केली? चार-दोन की तीन-तीन?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"अब्बा, तेवढंच तर बघायचं होतं!"

मग अब्बांनी विचारलं, पतियाळाच्या फॉर्मला काय काय कागद लागतात. पलीकडे जरा वेळ आवाज आला नाही. आम्हाला वाटलं लाइन गेली. मग तो अम्मीला म्हणाला, "माझी विद्यापीठाची खेळाची सर्टिफिकिटं कुठल्या पेटीत ठेवलीत?"