जुन्या टाक्यातले पाणी

नवी भाषा आली की माणूस जुनीला नावे ठेवतो. आमचा भाचा तरी अपवाद कसा असेल? तिकोणा पेठेत सुट्टीला येऊन तो 'रस्ट' भाषेत संगणकाच्या पडद्यासाठी पट्टी रचत होता. रस्टची पहिली पक्की आवृत्ती २०१५ची. पण पट्टीवर 'दुर्ग' नीट उमटायचे, तर अक्षरे जुळवणारी 'हार्फबझ' लायब्ररी हवी. ती जुन्या सी++ मधली! लिंकरला ती सापडली नाही की सारे अडले. शिवाय जुन्याला हाक मारताना रस्ट 'अनसेफ' असे लिहून घेते: पुढची जबाबदारी तुझी! मला हे फार पटले. तिकोणा गडावरच्या खोदीव टाक्यांचे तरी काय? खोदणाऱ्याचे नाव ठाऊक नसते. पाणी मात्र आपण गाळून घ्यावे. परंपरेवर विश्वास ठेवावा, तो असा डोळसपणे.