मोडला म्हणून उरलेला हत्ती

घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगिजांनी ज्या पाषाणाच्या हत्तीवरून दिले, तो हत्ती आज त्या बेटावर नाही. तो मुंबईत, भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे.

एकाच काळ्या कातळातून तो कोरलेला होता. 1814 मध्ये त्याचे मस्तक आणि मान निखळून पडली. 1864 मध्ये इंग्रजांनी उरलेला हत्ती विलायतेस नेण्याचा घाट घातला. उचलताना यारी मोडली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मग त्या वेळच्या व्हिक्टोरिया बागेत आले. 1914 मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते पुन्हा जोडले.

मला इथे इजिप्तचा रामसेस आठवतो. दुसऱ्या रामसेसच्या भव्य पुतळ्याचा मस्तकासह वरचा भाग थीब्जच्या मंदिरात पडलेला होता. वजन 7 टनांहून अधिक. त्याच्या छातीच्या उजव्या बाजूस एक भोक आहे. नेपोलियनच्या माणसांनी तो हलवण्यासाठी ते पाडले, असे मानतात. त्यांना जमले नाही. 1816 मध्ये बेल्झोनी या इटालियन माणसाने मात्र स्थानिक मजुरांकरवी, ओंडक्यांवरून ओढत, तो नाईलच्या काठी आणलाच. (इतिहासात नाव बेल्झोनीचे, दोर ओढणाऱ्यांचे कोणाचेच नाही.) 1818 मध्ये तो लंडनला पोहोचला आणि आजही ब्रिटिश संग्रहालयात आहे.

यारी मोडली नसती, तर आपला हत्तीही कदाचित त्याच शहरात एखाद्या दालनात उभा असता, आणि आपण त्याची छायाचित्रे पाहून हळहळलो असतो. वाचला तो कोणाच्या कळवळ्यामुळे नव्हे.

मी शिंदखेड्याचा. दोंडाईच्याच्या वाटेवर काळ्या कातळाच्या, भिंतीसारख्या लांबच लांब रांगा लहानपणापासून पाहिलेल्या. घारापुरीचा कातळही त्याच दख्खनी लाव्ह्याचा. त्यामुळे भायखळ्यास त्या हत्तीपुढे उभा राहिलो तेव्हा दगड ओळखीचाच वाटला. अनोळखी होते ते जोडकाम. मूर्तिकाराने एकसंध घडवलेले अंग आता तुकड्यांनी उभे आहे, आणि मला ते लपवावेसे वाटत नाही. 1864 चा पुरावा तेवढाच आहे.

शेजारून मुले पेंग्विन पाहायला धावत होती. मित्रांनो, तुम्हीही जा. रांगेत लागण्यापूर्वी पाच मिनिटे या हत्तीभोवती एक फेरी मारा.