आता ‘आपण’ म्हणायचं का?

टीम हरत असते ना, तेव्हा तिच्या फॅन्सना तसं काही टेन्शन नसतं. शिव्या घालायच्या, कोचला काढून टाकायची भाषा करायची आणि जेवून झोपायचं. खरं टेन्शन सुरू होतं ती जिंकायला लागल्यावर! कारण मग आशा वाटायला लागते. सचिन आऊट झाला की फटकन टीव्ही बंद करणारी आपण मंडळी, त्यामुळे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण हा प्रकार मी अगदी जवळून पाहिला तो क्रिकेटमध्ये नाही. पाहिला अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॉले शहरात, मार्च २०२४ मध्ये. मावसभावाकडे महिनाभर मुक्काम ठोकला होता. (फ्रीलान्सर असण्याचा हा एक फायदा, सुट्टी मागायला बॉस नसतो. पगारही नसतो, ते सोडा.)

भाऊ नाशिकचा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतून, म्हणजे तिथल्या भाषेत ‘एनसी स्टेट’मधून, डिसेंबरमध्ये एमएस झालेला आणि नोकरीच्या शोधात. शिक्षणानंतर काम करायची जी परवानगी मिळते, ओपीटी, तिच्यात बिनकामाचे सगळे मिळून फक्त ९० दिवस चालतात. त्याचं मीटर १ फेब्रुवारीला पडलं होतं. फ्रिजवर एक कॅलेंडर, त्यावर रोज रात्री लाल पेनाने एक फुली. मौशीला यातलं काही सांगायचं नाही, अशी मला एअरपोर्टवरच तंबी मिळाली.

एव्हंट फेरी रोडवरच्या त्या अपार्टमेंटमध्ये तो, एक नागपूरकर आणि एक हैदराबादी. शेजारी साठीला आलेले एक अमेरिकन गृहस्थ. ही सगळी पोरं त्यांना चक्क ‘काका’ म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. टीव्ही यांचा मोठा, म्हणून काका मॅच बघायला इकडे येत.

आता थोडी पार्श्वभूमी. कॉलेज बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या इंटर-कॉलेजसारखं काही असेल असं वाटत असेल तर विसरा. तिथे कॉलेजची टीम हा शहराचा धर्म असतो. आणि रॉलेचं दुर्दैव असं की ४०-४५ किलोमीटरच्या आत दोन महाबलाढ्य शेजारी. डरहॅमला ड्यूक, पाच वेळा राष्ट्रीय विजेते. चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलिना, सहा वेळा. एनसी स्टेटकडे दोनच किताब, १९७४ आणि १९८३ चे. आपल्या एसीसी या गटाची स्पर्धा त्यांनी शेवटची जिंकली होती १९८७ साली. म्हणजे भावाच्या जन्माच्याही आधी! इतकी वर्षं हरल्यावर फॅन्सनी आपल्या नशिबासाठी एक खास शब्दप्रयोग तयार केला आहे. तो इथे छापता येणार नाही. मथितार्थ एवढाच, की वाईट व्हायचं ते आपलंच होणार.

त्या मार्चमध्ये तर बोलायलाच नको. लीगमधल्या शेवटच्या चारही मॅच हरलेले, १७ विजय, १४ पराभव. एसीसी स्पर्धेत दहावं मानांकन. बाद पद्धत, त्यामुळे कप हवा तर पाच दिवसांत पाच मॅच जिंकायच्या. त्या स्पर्धेत हे तोवर कुणालाच जमलं नव्हतं.

मंगळवारी लुईव्हिलला ९४-८५ हरवलं. भाऊ म्हणाला, “ठीक आहे, ‘हे लोक’ उद्या घरी येतील.” बुधवारी सिरॅक्यूजला १८ गुणांनी लोळवलं. “सिरॅक्यूजच गळपटली, ‘यांचं’ काय एवढं!” माझे कान टवकारले. (मास कॉमची खोड. काय बोललं यापेक्षा कसं बोललं तिकडे लक्ष.) स्वतःच्या युनिव्हर्सिटीची टीम, अंगात तिचाच लाल हूडी, आणि तोंडात ‘हे लोक’?

गुरुवारी ड्यूक. ७४-६९. जिंकले! नागपूरकर सोफ्यावर उभा. “काय बे, आता तरी बोल ना!” भाऊ हळूच म्हणाला, “आम्ही डिफेन्स बरा केला.”

‘आम्ही’! आली की नाही प्रगती?

मग रात्री एकपर्यंत चर्चा. ही टीम अचानक खेळायला कशी लागली? नागपूरकराचं म्हणणं, सगळी डीजे बर्न्सची कृपा. बर्न्स म्हणजे सहा फूट नऊ इंच, सव्वाशे किलोंचा, डावखुरा, कायम हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. बास्केटकडे पाठ करून समोरच्याला ढकलत ढकलत आत जाणार आणि बॉल असा अलगद टाकणार की बास. त्याला अडवायला दोघं आले की तिसरा मोकळा सुटतो, आणि बर्न्सला तो बरोबर दिसतो. हैदराबादीचा हीरो वेगळा, मोहम्मद दियारा. रमजान चालू होता आणि हा गडी मॅचच्या दिवशीही रोजे ठेवून खेळत होता. “भाई, पानी पिए बिना इतने रिबाउंड! मुझसे तो लॅब तक चला नहीं जाता.” रोजे तोही ठेवत होता, त्यामुळे त्याच्या मताला घरात वजन होतं.

मला पटलं ते काकांचं. ते म्हणाले, सुरुवातीचे पाचही खेळाडू दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. ओकॉनेल स्टॅनफर्डहून, बर्न्स विन्थ्रॉपहून, दियारा मिझुरीहून. हॉर्न याच शहरातला, पण तोही ॲरिझोना स्टेट फिरून परत आलेला. अनोळखी माणसांना एकमेकांवर विसंबायला वेळ लागतो. बॉल दिला तर परत मिळेल, हे कळायलाच मार्च उजाडतो. नवीन ऑफिसात पहिले चार महिने काढलेल्या कुणालाही हे कळेल.

शुक्रवारी सकाळी भावाला एक रिजेक्शन मेल आला. सव्वाचार ओळींचा. त्याने तो वाचला, भाजणीचं थालीपीठ लावलं, आम्हाला वाढलं आणि म्हणाला, “ते घेणारच नव्हते.”

रात्री उशिरा व्हर्जिनियाशी सेमीफायनल. पाच सेकंद उरलेली, आपण तीन गुणांनी मागे आणि व्हर्जिनियाच्या पोराला फ्री थ्रो. संपलं! काका उठून पार्किंगमध्ये गेले. शेवट बघायचा नाही, हा त्यांचा जुना नियम. आणि त्या पोराचा थ्रो चुकला. ओकॉनेलने बॉल घेतला, धावला आणि वेळ संपता संपता लांबून मारला. बोर्डाला लागून आत! ५८-५८. एक्स्ट्रा टाइम! आम्ही असे किंचाळलो की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटले. नागपूरकर काकांना बोलवायला धावला, तर ते आत यायला तयार नाहीत. म्हणे, मी बाहेर आहे म्हणूनच हे झालं. मार्चच्या थंडीत, गाडीला टेकून, पुढची पाच मिनिटं त्यांनी फक्त आमचे आवाज ऐकले. ७३-६५.

शनिवारी फायनल, समोर नॉर्थ कॅरोलिना, स्पर्धेतलं पहिलं मानांकन. काका अर्थातच बाहेरच. मॅच सुरू व्हायच्या आधी त्यांनी १९८३ ची गोष्ट सांगितली. तेव्हा ते एनसी स्टेटलाच शिकत होते. ती टीमही अशीच, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. राष्ट्रीय फायनलला ह्यूस्टनविरुद्ध बरोबरी असताना व्हिटनबर्गचा लांबचा बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही. लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून आत कोंबला. ५४-५२. आणि कोच जिम वाल्व्हानो मैदानभर सैरावैरा पळत सुटले, मिठी मारायला कुणीतरी सापडेना म्हणून! दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, कॅन्सरने गेले. काकांनी हे दोन्ही एका दमात सांगितलं आणि बिअर घेऊन ते पार्किंगमध्ये निघून गेले.

८४-७६. ३७ वर्षांनी कप!

विजयानंतर युनिव्हर्सिटीच्या बेल टॉवरवर लाल दिवे लावतात. आम्ही चालतच निघालो. हिल्सबरो स्ट्रीट पोरांनी ओसंडून वाहत होता. भाऊ कडेला, खिशात हात घालून उभा. एक उंच अनोळखी पोरगा आला, त्याने भावाला कवेत घेऊन उचललं, खाली ठेवलं आणि पुढे गेला. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, आपण जिंकलो ना गं?”

त्या ‘आपण’मध्ये मीसुद्धा होते, जिला आठवड्यापूर्वी फाऊल म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं.

पुढचं भराभर सांगते. राष्ट्रीय स्पर्धेत ११वं मानांकन. टेक्सास टेक, ओकलंड, मार्केट, सगळे पडले. ३१ मार्चला पुन्हा ड्यूक. बर्न्सने एकट्याने २९ गुण केले, ७६-६४. फायनल फोर! मुलींची टीमही त्याच वर्षी तिथे पोचली. घरातली चर्चा पार बदलली होती. आधी ‘का हरणार’ याची कारणं निघायची, आता ‘पर्ड्यूच्या एडीला कोण अडवणार’ याचे प्लॅन.

१ एप्रिलला भावाचा एका कंपनीत दुसरा राउंड होता. काय होईल विचारलं तर “बघू” म्हणाला. ‘घेणारच नाहीत’वरून ‘बघू’वर. मी पुढे काही विचारलं नाही.

तिथून नकार आला. ६ एप्रिलला पर्ड्यूनेही हरवलं, ६३-५०. ओकॉनेल पहिल्याच हाफमध्ये जखमी झाला, नंतर रंग भरलाच नाही. त्या रात्री कॅलेंडरवर ६६वी फुली पडली. मला वाटलं आता घरात सुतक असेल. तर ही मंडळी दोन वाजेपर्यंत पुढच्या सीझनला कोण कोण राहणार याची यादी करत बसलेली!

एप्रिलच्या शेवटी त्याला शार्लटमध्ये कॉन्ट्रॅक्टची नोकरी मिळाली, भलत्याच कंपनीत. फुल्या ८१ वर थांबल्या. बास्केटबॉलशी याचा काही संबंध नाही, जोडायला जाऊ नका. मौशीला आम्ही मग सगळं सांगितलं आणि दोघांनीही बोलणी खाल्ली.

पुढच्या सीझनला टीम १२-१९ अशी संपली. गतविजेते असून एसीसी स्पर्धेलाही पात्र ठरले नाहीत. मार्च २०२५ मध्ये कोच केव्हिन कीट्स यांना काढलं. बातमी वाचून मी भावाला फोन लावला, म्हटलं, संपलं रे ‘हे लोक’.

“हे लोक काय गं?” तो चिडून म्हणाला. “आपल्याला एक धड पॉइंट गार्ड मिळू दे, मग बघ. आणि काकांना फोन कर जरा, ते फारच मनाला लावून बसलेत.”