पावसाळा वगळून

मुलुंड पश्चिमेला किंवा बोरिवली पूर्वेला डोंगरालगत नवी वसाहत उभी राहायची असली, की जाहिरातीत ‘रिसॉर्टसारखं राहणीमान’ येतंच. तलाव, क्लबहाउस आणि खिडकीतून थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. माझं काम उलट बाजूने सुरू होतं. उद्यानातून ही खिडकी कशी दिसेल, रात्री तिचा उजेड कुठवर जाईल, घराघरांतलं सांडपाणी कुठल्या ओढ्याला मिळेल, हे बांधकामाआधी शोधायचं. याला पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, आमच्या बोलण्यात ईआयए म्हणतात.

केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. खाणीला, मोठ्या कारखान्याला जनसुनावणी असते. इमारती आणि वसाहतींना त्याच अधिसूचनेने ती माफ केली. म्हणजे शेजारच्या पाड्यातल्या माणसाचं म्हणणं कागदावर यायचं, तर ते पाहणी करणाऱ्यानेच जाऊन आणायला हवं. हे मी माझ्या कामातच धरते.

मोठ्या प्रकल्पाच्या अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाच्या नोंदी घ्यायची पद्धत आहे. हवेपुरतं ते बरोबर आहे. पावसात धूळ बसते आणि हवा असते त्याहून स्वच्छ भासते. पाण्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब मला कधीच पटला नाही. दहिसर आणि पोयसर नद्या उद्यानाच्या डोंगरातून निघतात, मिठी विहार-पवईच्या सांडव्यांतून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीची खरी रुंदी किती ते उपनगरांनी पाहिलं. एप्रिलमध्ये काढलेल्या नकाशात हेच ओढे बारीक तुटक रेघा असतात.

त्यामुळे कोरडा ओढा वाचता यायला हवा. पात्रातूनच वर चालत जायचं. करंजाच्या फांदीत खांद्याच्या उंचीवर प्लास्टिकच्या चिंध्या आणि वाळकं गवत अडकलेलं असतं, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला; पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. काठच्या उंबराची मुळं एका अंगाने उघडी पडलेली दिसतात. धोंडे गोल गुळगुळीत असतील तर ते वरून घरंगळत आलेत. धारदार असतील तर शेजारचाच उतार ढासळतोय. पुराची ही खूण टेपने मोजून नकाशावर मांडली, की आर्किटेक्टने आखलेली बाग कधी कधी सरळ पात्रात निघते. मुलुंडकडच्या एका जागेवर पाड्यातल्या आजी मला हाताला धरून घेऊन गेल्या. “पोरी, हा दगड बघ. पावसात हा दिसत नाय.” तो दगड मी अक्षांश-रेखांशासकट अहवालात घातला.

झाडांची मोजणीही हंगामाने फसते. छातीच्या उंचीला खोडाचा घेर घ्यायचा, रंगाने नंबर टाकायचा. सावर, पांगारा, कांडोळ यादीत येतात. कारवी येत नाही, कारण ती झाडात मोजत नाहीत आणि एप्रिलमध्ये तिच्या नुसत्या काटक्या उरतात. उद्यानात ती आठ वर्षांनी फुलते. 2016 मध्ये फुलली, नंतर 2024 मध्ये. मधल्या वर्षांत आलेल्याला तो उतार झुडपांचा, पडीक वाटतो. पण तिचं दाट रान माती धरून ठेवतं, आणि तिच्या काठ्यांचे कुड शेणमातीने लिंपून पाड्यातली घरं उभी राहिली आहेत. कारवी काढून लॉन लावलं तर कागदावरचं हिरवं क्षेत्र तेवढंच राहतं. माती मात्र पावसात नाल्यात उतरते, आणि त्यासाठी अहवालात रकानाच नसतो.

जमिनीचा कागदही असाच मागे जाऊन वाचावा लागतो. 1950 च्या दशकात निघालेल्या वनखात्याच्या नोटिशींवरून मुलुंड परिसरातली कितीतरी जमीन पुढे खाजगी वन म्हणून नोंदली गेली. तोवर तिथे इमारती झाल्या होत्या, माणसं राहत होती. 30 जानेवारी 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तोपर्यंत घर घेतलेल्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती.

अहवालात सगळ्यात थोडं लिहिलं जातं ते कचऱ्याबद्दल. उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं. तिथे आणि लगतच्या भागात 2015 च्या अभ्यासात 35 बिबटे मोजले गेले. त्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा. उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांमागे बिबट्या कुंपणापर्यंत येतो, आणि मग पिंजरा लावा म्हणून वनखात्याला फोन जातात. म्हणून कचऱ्याची खोली कुठे असावी हा माझ्या लेखी वन्यजीवांचा प्रश्न आहे. ती रस्त्याच्या बाजूला, बंद दाराची हवी. जंगलाकडची दिव्यांची तोंडं खाली हवीत.

मंजुरीनंतर दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. पण इमारत ताब्यात गेली की सांडपाण्याचा प्रकल्प, दिवे, कचरा हे सगळं सोसायटीकडे येतं, आणि मंजुरीचं पत्र बहुतेक सभासदांनी पाहिलेलंही नसतं. म्हणून अहवालाच्या शेवटी मी साध्या मराठीत एक पान जोडते, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावता येईल असं: जंगलाकडचे कोणते दिवे किती वाजता बंद करायचे, कचरा कधी बाहेर काढायचा, आणि आजींच्या त्या दगडापासून किती मीटर जागेत काहीही बांधायचं नाही.