समुद्र बघायचा, पण मुक्काम कुठे करायचा?



नाताळच्या सुट्टीत आम्ही मंगळूरला जाऊन आलो. समुद्राचे फोटो बघून चार-पाच जणींनी विचारलं, "हॉटेल कुठलं होतं गं?" हॉटेल नव्हतंच. ते का नव्हतं, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी गोव्याला गेलो तेव्हा मी फक्त खिडकीतून समुद्र दिसतो का, एवढंच बघितलं होतं. 'व्हेज मिळेल' असं लिहिलेलं होतं, तेवढ्यावर माझं समाधान झालं. तिथे गेल्यावर कळलं, स्वयंपाकघर एकच आणि रात्रीचं जेवण साडेसातला. सासूबाईंचा रात्रिभोजनाचा त्याग तीस वर्षांचा. कंदमूळ तर नाहीच. "माझं काय, मी भागवते, तुम्ही फिरा," म्हणत तीन दिवस त्यांनी घरचा चिवडा आणि केळी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या दारात चक्कर येऊन बसल्या. मी पाणी आणायला धावले तर हातानेच 'थांब' म्हणाल्या. गाळलेलं आहे का, हे त्या अवस्थेतही विचारलं. तेव्हापासून 'मी भागवते' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून या वेळी आधी फोन घेऊन बसले. पहिला प्रश्न, संध्याकाळी पाच वाजता जेवण मिळेल का? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: किचन सातला सुरू होतं. दुसरा प्रश्न, तवा वेगळा आहे का? एका ठिकाणचा मुलगा फार गोड बोलला, "मॅडम, फिश आम्ही दुसऱ्या बाजूला तळतो." बाजू दुसरी, तवा तोच! मंगळूर म्हणजे मासळीचं गाव, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. शुद्ध शाकाहारी हॉटेलं तिथे भरपूर आहेत, पण सांबारात कांदा आणि मसाला डोशात बटाटा असतोच. साधा डोसा आणि ओल्या खोबऱ्याची चटणी यांवर आपलं निभतं. तेही चटणीत लसूण नाही ना, हे विचारूनच.

शेवटी मूडबिद्रीच्या यात्री निवासात खोल्या घेतल्या. मंगळूरपासून साधारण पस्तीस किलोमीटर आत. लेक रुसली. "आज्जीसाठी आपण नेहमी धर्मशाळेतच का राहायचं?" मी तिला रागावले नाही. खरं सांगायचं तर लाटांच्या आवाजाने जाग यावी असं मलाही वाटत होतंच. ठरलं असं की आई बसदीत जाप करत बसतील आणि आम्ही तिघं संध्याकाळी समुद्रावर जाऊन येऊ. आईंनीच तसं सुचवलं होतं.

कोल्हापूरहून गाडीने निघालो. हुबळीवरून अंकोल्याला उतरलो आणि तिथून दक्षिणेला वळलो. वाटेत मरवंथे लागतं. तिथे रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी. आई मागे डुलक्या घेत होत्या. लेकीने हाक मारली तशा उठल्या आणि काचेला कपाळ टेकून बसल्या. गाव मागे पडलं तरी मान वळलेलीच. मग म्हणाल्या, "सूर्य पाण्यात बुडताना मी कधी बघितलाच नाही गं. ती वेळ नेहमी जेवण आवरायची, नाहीतर सामायिकाची."

चौऱ्याहत्तर वर्षं! आणि आम्ही त्यांना बसदीत बसवून जाणार होतो.

कारकळला बाहुबलींचं दर्शन घेतलं. बेचाळीस फुटांची ती मूर्ती 1432 सालची. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी त्याच्या दोनच वर्षं आधीची, 1430 ची. सकाळी चंद्रप्रभ भगवंतांसमोर बसलं की उठावंसं वाटत नाही. धवला, जयधवलाची ताडपत्रं याच गावाने शतकानुशतकं सांभाळली, हे लेकीला सांगितलं. तिला खांब जास्त आवडले. एकासारखा दुसरा नाही म्हणतात, ते खरं आहे का हे बघत ती तासभर फिरली. रुसवा तिथेच कुठेतरी गेला.

आईंचं माहेर चिकोडीकडचं, त्यामुळे कन्नड पक्कं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या आणि चिंचेचा भात, कोशिंबीर असा डबा भरून घेऊन आल्या. पाणी गाळून बाटल्या भरल्या. साडेतीनला निघालो आणि पणंबूरच्या किनाऱ्यावर पोचलो. तळणीच्या गाड्यांचा वास येणार नाही इतकं लांब जाऊन सतरंजी टाकली. सूर्यास्त सहा-दहाच्या सुमारास होता. आई दोन घटका आधीच आवरणाऱ्या, त्यामुळे सव्वापाचला सगळ्यांनी हात धुतले. आईंनी त्याग घेतला आणि माळ हातात धरून पाण्याकडे तोंड करून बसल्या.

लेक शिंपले गोळा करत होती. आईंनी एक उचलून तिच्या कानाशी धरला, मग उलटा करून आत दाखवला. आत इवलासा खेकडा! दोघींनी तो परत ओल्या वाळूत ठेवला, आणि लेकीने फ्रॉकच्या ओच्यातले बाकीचेही एकेक तपासून सोडून दिले.

सूर्य टेकला तेव्हा आईंचे मणी थांबले होते. मी काही बोलले नाही.

परत यायला रात्र झाली. जास्तीचा प्रवास, डिझेलचा खर्च यावर आमचे हे थोडं कुरकुरले, ते चालायचंच. खाऱ्या वाऱ्याने सगळ्यांचेच घसे सुकलेले. आम्ही बाटल्या संपवल्या, आईंनी ओठांना फक्त पदर लावला. सकाळी अभिषेक झाल्यावर तांब्याभर पाणी त्या एका दमात प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं,

"गिरनारला आता रोपवे झालाय म्हणे. तिथून समुद्र किती लांब गं?"