मुलाचा हप्ता, कंपनीची देणी

मुलाने ठाण्यात फ्लॅट बुक केला, तेव्हा हौसेने मी त्याच बिल्डर कंपनीचे थोडे शेअर घेतले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. ताळेबंदाशी संबंध आला तो सोसायटीच्या वार्षिक सभेपुरता. कंपनीचा अहवाल उघडला आणि पहिल्या पन्नास पानांतच घेरी यायची वेळ आली. यंदा विक्रमी विक्री झाली म्हणून अध्यक्षांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती आणि नफा-तोटा पत्रकात उत्पन्न मात्र त्या विक्रीच्या निम्मंही नव्हतं. मग बाकीचा पैसा गेला कुठे?

माझी भाची सीए आहे. तिला फोन लावला. "मावशी, ते दोन आकडे जुळायचेच नाहीत," ती म्हणाली. "विक्री म्हणजे बुकिंग. उत्पन्न बहुतेक वेळा इमारत पुरी होऊन ताबा द्यायची वेळ आली की धरतात. २०१८ पासून तसाच नियम आहे."

"आणि तोवर लोकांनी भरलेले पैसे?"

"देण्यांच्या बाजूला बघ."

बघितलं. 'ग्राहकांकडून आगाऊ मिळालेल्या रकमा' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा बँकांच्या कर्जापेक्षाही मोठा होता. त्यात कुठेतरी आमच्या चिरंजीवांचे हप्तेही होते. गंमत म्हणजे अध्यक्ष ज्या 'निव्वळ कर्जा'बद्दल अभिमानाने बोलत होते, त्यात ही रक्कम धरलेलीच नव्हती.

मग मुलाचा करारनामा काढून बसले. महाराष्ट्रात रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या नमुना करारनाम्यात हप्त्यांची कमाल मर्यादा ठरलेली आहे. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याचं काम झालं की ४५, सगळे स्लॅब पडले की ७०. म्हणजे इमारत जमिनीतून नुसती वर आली की निम्म्याच्या आसपास पैसे जमा! आणि तेही बिनव्याजी. व्याज आहेच, पण ते मुलाच्या माथी. गृहकर्ज त्याच्या नावावर, बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते बिल्डरला आणि ताबा मिळायच्या आधीपासून व्याज फेडतो हा. भांडवल उभं करायची याहून स्वस्त सोय मला तरी दिसेना.

"अगं, पण त्या पैशावर कंपनीला वाटेल तसा हात मारता येत नाही," भाचीने थांबवलं. रेरा कायद्यानुसार ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते त्याच प्रकल्पाच्या बांधकामाला आणि जमिनीच्या खर्चाला वापरायचे. काढायचे, तर किती काम झालं याचे अभियंता, वास्तुविशारद आणि सीए या तिघांचे दाखले लागतात.

इथे माझं घोडं पुन्हा अडलं. जमीन तर बुकिंगच्या कितीतरी आधी घ्यावी लागते, ती कशाच्या जोरावर? बँकेच्या नाही. खासगी बिल्डरला जमीन खरेदीसाठी कर्ज देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. मग कंपन्या स्वतःचा पैसा घालतात, वित्तसंस्थांकडून चढ्या व्याजाने उचलतात, कर्जरोखे काढतात. नाहीतर जमीनमालकालाच भागीदार करून घेतात. जमीन त्याची, बांधकाम यांचं आणि विक्रीत दोघांचा वाटा.

शेअर बाजाराचा खरा उपयोग इथे कळला. लोढांची मॅक्रोटेक २०२१ मध्ये बाजारात आली आणि तिने २,५०० कोटी उभे केले. त्यातले १,५०० कोटी कर्ज कमी करायला होते. आधीच बाजारात असलेल्या कंपन्या मोठ्या फंडांना आणि विमा कंपन्यांना थेट नवे शेअर देतात, त्याला क्यूआयपी म्हणतात. गोदरेज प्रॉपर्टीजने डिसेंबर २०२४ मध्ये अशा रीतीने ६,००० कोटी उभारले. या पैशावर व्याज नाही, परतफेड नाही. फक्त शेअरची संख्या वाढते आणि जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा आकसतो. शेअर देताना माझ्यासारखीला पुन्हा कुणी विचारायला येत नाही. भागधारकांचा ठराव आधीच मंजूर झालेला असतो.

तयार ऑफिस इमारतींची तऱ्हा निराळी. तिथे विकायचं काही नसतं, भाडं येत राहतं आणि त्या भाड्यावरच कर्ज मिळतं. नाहीतर इमारती रीट नावाच्या ट्रस्टमध्ये घालून त्याचे युनिट बाजारात विकायचे. एम्बसी समूहाचा आपल्याकडचा पहिला रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. रीटला ८० टक्के मालमत्ता तयार आणि भाडं देणाऱ्या इमारतींतच ठेवावी लागते, वाटता येण्याजोग्या रोखीतले ९० टक्के वाटावे लागतात आणि कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांवर नेता येत नाही. भागधारकाच्या वाट्याला दरवर्षी काय यावं, याचा इतका रोखठोक नियम मला बिल्डर कंपनीच्या अहवालात कुठेच सापडला नाही.

शेवटी भाचीला सरळच विचारलं, "उद्या कंपनी बुडाली तर?" ती म्हणाली, तारण घेऊन बसलेले सावकार पुढे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर दिवाळखोरी कायद्यात घर घेणाऱ्यांनाही वित्तीय धनको मानतात, म्हणजे मुलाला निदान बैठकीत मत आहे. भागधारक सगळ्यांच्या मागे, उरलंसुरलं तर. म्हणजे एकाच कंपनीत माझ्या मुलाचं येणं आहे आणि माझी नुसती आशा.

शेअर मी विकलेले नाहीत. पण आता अहवाल आला की अध्यक्षांचं भाषण सोडून रोख प्रवाहाचं पत्रक आधी काढते. ग्राहकांकडून प्रत्यक्ष किती आले, जमिनीला किती गेले, नवं कर्ज जुनं फेडायला काढलं का, एवढं पाहते. बाकीचं अजून डोक्यावरून जातं, आणि त्यासाठी भाचीचा रविवार राखून ठेवलेला आहे.