लिंकवाल्या मॅडम

शाळेच्या टीव्हीला मोबाइल जोडता येतो, एक्सेलमध्ये बेरजा लावता येतात आणि स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ कापून-जोडून गटावर टाकता येतो, एवढ्या भांडवलावर आमच्याकडे माणूस ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ठरतो. मीही तशीच ठरले. त्यामुळे पहिली ते तिसरीच्या शिक्षकांसाठी वाचन कसं शिकवावं याचं ऑनलाइन प्रशिक्षण आखायची वेळ आली, तेव्हा नाव माझं निघालं. शिक्षक अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतले, म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचा सातपुड्यातला भाग. मी शहाद्याकडची, सपाटीवरची. डोंगरातल्या शाळा मी पाहिल्या होत्या त्या निवडणुकीच्या ड्यूटीपुरत्या, आणि तेव्हाही वर्गात मुलं नव्हती, मतपेट्या नाहीतर यंत्रं होती.

हातात एक तक्ता आला. घटक, उपघटक, माध्यम, कालावधी, सुलभक, मूल्यमापन, साध्य. ‘साध्य’च्या रकान्यात आधीच्या कुठल्यातरी प्रशिक्षणाचं वाक्य तसंच राहून गेलं होतं : ‘शिक्षकांच्या संकल्पना स्पष्ट होतील.’ कुठल्या संकल्पना, ते खोडलेलं. प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या साहेबांना मी विचारलं, इथे काय लिहू? ते म्हणाले, “साध्य शेवटी भरतात मॅडम. आधी व्हिडिओ किती ते सांगा.” आता व्हिडिओ किती हे मी कशावरून सांगणार? हे लोक ते बघणार कधी, एवढंसुद्धा मला माहीत नव्हतं.

तसं पाहिलं तर सगळं तयार होतं. दीक्षा हे सरकारी शिक्षण ॲप २०१७ पासून आहे, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आहेत. करोनाच्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, निष्ठा प्रशिक्षण ऑनलाइन झालं. प्राथमिकच्या शिक्षकांसाठी त्याचे अठरा कोर्स होते आणि ते मी शिकणारी म्हणून पूर्ण केले होते. पण कोर्स करताना आपण पुढचं बटण दाबतो, झालं. आखताना मात्र ते बटण दाबणारा माणूस त्या वेळी कुठे बसलेला असेल इथपासून सुरुवात करावी लागते, आणि त्याचा रकाना तक्त्यात नव्हता.

माहिती गोळा करायला गूगल फॉर्म पाठवा, असा सल्ला मिळाला. ज्यांना रेंज नाही त्यांची माहिती रेंज लागणाऱ्या फॉर्मवर कशी येणार, हे मात्र कुणी सांगेना. मग मी केंद्रप्रमुखांकडून नंबर घेतले आणि फोन लावत बसले. फोन लागायचे संध्याकाळी सातनंतर, किंवा शिक्षक बाजाराला उतरले की. बरेच जण आधी दचकायचे. “कुठली लिंक राहिली का मॅडम?” हाच पहिला प्रश्न. त्यावरूनच पुढे माझं नाव ‘लिंकवाल्या मॅडम’ पडलं.

त्या फोनांतून जे कळलं त्यातलं निम्मं मला सुचलंच नसतं. शाळेत रेंज नाही पण खोलीवर आहे, आणि खोली आहे तालुक्याच्या गावी. फोन आहे, पण त्यात जागा नाही, कारण पोषण आहाराचे, वृक्षारोपणाचे, हात धुण्याच्या दिवसाचे फोटो पुरावा म्हणून ठेवलेत. एक बाई म्हणाल्या, “आठनंतर फोन पोराकडे असतो. तो झोपला की माझा. पण तोवर मीही झोपलेली असते.”

आणि दोनशिक्षकी शाळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. डोंगरातल्या बहुतेक पाड्यांवर पटच तेवढा, त्यामुळे चार वर्ग आणि दोन शिक्षक हीच रीत. आमच्या तक्त्यात थेट सत्राची वेळ होती सकाळी अकरा ते एक. पहिली ते तिसरीचे शिक्षक म्हणजे अशा शाळेत ते दोघेच. दोघांनी कानात इअरफोन घालून सत्र ऐकायचं, तर शाळा चालवायची खिचडी करणाऱ्या मावशींनी? साहेबांना मी हेच शब्द वापरून विचारलं. ते हसले, पण ‘कालावधी’चा रकाना मोकळा सोडायला तयार झाले. शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावर शिक्षक खाली उतरतात. आमची खरी वेळ शनिवार दुपार. तीही दिवाळीनंतर वेगळी, कारण तेव्हा घरं गुजरातकडे ऊसतोडीला जातात आणि शिक्षक पट सांभाळायला दारोदार फिरत असतात. होळीच्या आठवड्यात तर सातपुड्यात कुणाला काही शिकवायचं नाव काढू नये.

मग एमबीचा हिशेब. हा मला कुणी शिकवला नाही, पण गणित सोपं आहे. थेट बैठकीला सेकंदाला ६०० किलोबिट धरले, तर तासाला २७० एमबी. मध्यम प्रतीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ ५०० किलोबिटने केला तर साडेसदतीस एमबी. तेवढाच वेळ नुसता आवाज ६४ किलोबिटने ठेवला तर पाच एमबीच्याही आत. मोबाइलने फोटो काढून बनवलेली पीडीएफ बारा एमबीची होते. तोच मजकूर टंकून दिला तर दोन-तीनशे केबी. हे मांडून झाल्यावर आमच्या जुन्या व्हिडिओंकडे पाहिलं. पहिली चाळीस सेकंदं बोधचिन्ह फिरतंय, मग मान्यवरांचं मनोगत, मग हातात खडू घेतलेल्या बाई ‘नमस्कार’ म्हणतात. धडगावच्या शिक्षकाने स्वतःच्या रिचार्जमधून हे का उतरवून घ्यावं?

मी ध्वनिफितींकडे वळले. इथे एका निवृत्त अधिव्याख्यात्यांनी मला हाताला धरलं. ते म्हणाले, तुम्हाला वाटतं हे सगळं करोनाने आणलं. साइट प्रयोग ऐकलाय का? नव्हता ऐकला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, एक वर्षभर, अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला होता. इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले. त्यांच्या अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या वर्षभरात दोन फेऱ्यांमध्ये सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना शास्त्र शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. माझं तोंड उघडं राहिलं ते आकड्याने नाही. टीव्ही हा त्यातला एक भाग होता. जोडीला रेडिओ होता, छापील पुस्तिका होत्या आणि शिक्षकांनी एकत्र बसून हाताने करायचे प्रयोग होते. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीच कुणीतरी ठरवलं होतं की पडद्यावर सगळं सोडायचं नाही. आणि आमच्या तक्त्यात ‘माध्यम’च्या रकान्यापुढे एकच शब्द : ऑनलाइन.

त्यांनीच निकाराग्वाचं उदाहरण दिलं. १९७० च्या दशकात तिथे रेडिओवरून गणित शिकवत. पाठ नुसता बोलत सुटायचा नाही; प्रश्न विचारून मुद्दाम काही सेकंद गप्प राहायचा, मुलं मोठ्याने उत्तर द्यायची, मग पाठ पुढे. वर्गातला शिक्षक हे रोज ऐकता ऐकता शिकायचा. मला हे फार आवडलं. मी माझ्या फितींत थांबे टाकले : ‘आता फीत थांबवा. तुमच्या वर्गातलं वाचता न येणारं एक मूल आठवा. त्याला कोणतं अक्षर अडतं ते लिहा.’ ध्वनिमुद्रण माझ्याच घरी, पंखा बंद करून, कपाटापाशी उभं राहून. मागे शेजारच्यांचा कुकर दोनदा आला आहे. तो राहू दिला.

थेट बैठक अगदीच टाळता आली नाही, एक तरी ‘उद्‌घाटनपर’ हवीच होती. तिचं वर्णन न केलेलं बरं, पण करते. पहिला पाऊण तास ‘आवाज येतोय का’ मध्ये गेला. चॅटमध्ये ‘उपस्थित’, ‘उपस्थित सर’, ‘उपस्थित, शाळा अमुक’ असा पाऊस. एक गुरुजी माइक सुरू ठेवून शेळीच्या भावावर बोलत होते आणि त्यांना सांगावं तर त्यांना आमचा आवाज जात नव्हता. मान्यवर बोलून गेले. मी वाचनाबद्दल बोलले आणि विचारलं, काही प्रश्न? शांतता. मला वाटलं, सगळं समजलं असावं किंवा काहीच नाही. बैठक संपल्यावर दहा मिनिटांत मला स्वतंत्र फोन यायला लागले. सगळ्यांना प्रश्न होते. साहेबांसमोर, दोनशे जणांसमोर कोण विचारणार?

त्यातला एक प्रश्न असा होता की पुढचे दोन आठवडे मी तेवढंच करत राहिले. बीडकडून बदलून आलेला तरुण शिक्षक. तो म्हणाला, “मॅडम, वाचनाआधी मुलांशी भरपूर गप्पा मारा म्हणता. कोणत्या भाषेत मारू? मुलं पावरी बोलतात. मला येत नाही. मी मराठीत बोललो की ती हसतात आणि गप्प बसतात.” सातपुड्यातल्या कितीतरी शाळांची हीच अडचण आहे. मुलांची भाषा पावरी किंवा भिली, पुस्तक मराठी, आणि शिक्षक मराठवाड्यातून नाहीतर नगरकडून आलेला. माझ्या कुठल्याच फितीत याचं उत्तर नव्हतं, आणि मी पुण्याहून तज्ज्ञ बोलावून पाचशे एमबीचा व्हिडिओ केला असता तरी त्यात ते नसतं. उत्तर होतं त्याच्या शेजारच्या पाड्यावर. तिथल्या बाई पावरी बोलणाऱ्या, त्याच भागातल्या. त्या रोज सकाळी गोष्ट आधी पावरीत सांगायच्या, मग तीच मराठीत, आणि फळ्यावर दोन्हीकडचे शब्द शेजारी-शेजारी लिहायच्या. दोघांच्या शाळा जवळजवळ, केंद्र एकच, दरमहा शिक्षण परिषदेला दोघे एकाच सतरंजीवर बसणारे. तिथे पत्रकं वाचली जातात, माहिती भरून घेतली जाते, चहा होतो. या विषयावर ते एकमेकांशी कधी बोलले नव्हते.

तेव्हा मी तक्ता उलटा केला. आठवड्यात एक फीत, दहा मिनिटांची. दोन पानांचा टंकलेला मजकूर. एक काम वर्गात करून बघायचं. आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेतला एक तास या कामाच्या चर्चेला, सुलभक त्याच केंद्रातला, शक्यतो मुलांची भाषा जाणणारा. फिती व्हॉट्सॲपवर; ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी केंद्रप्रमुखांच्या पेनड्राइव्हवर. एका केंद्रप्रमुखांनी पेनड्राइव्ह परत दिलाच नाही, त्यांच्या नातवाच्या हळदीचे फोटो त्यात आहेत म्हणे.

मूल्यमापनाचीही गंमत झाली. नियमाप्रमाणे शेवटी वीस गुणांची प्रश्नावली. दुपारी लिंक गेली, संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्यांना वीसपैकी वीस. उत्तरं आमच्याच गटातून फिरली होती, कुणीतरी चुकून मलाही पाठवली, खाली ‘सर्वांनी शेअर करा’ असं लिहून. साहेब भडकले. मला काही शिक्षकांचा राग आला नाही. ‘वाचनाचे टप्पे किती?’ या प्रश्नाला दिवसभर दमलेला माणूस दुसरं काय करणार? प्रमाणपत्र हवं, ते सेवापुस्तकाला लागतं, बस. त्याऐवजी मी मागितला एका मुलाच्या वाचनाचा अर्ध्या मिनिटाचा आवाज, नाव-चेहरा काही नको, आणि खाली शिक्षकाची दोन ओळींची नोंद : कुठे अडलं, पुढे काय करणार. अर्ध्याच लोकांनी पाठवला. पण ते ऐकताना पहिल्यांदा मला कळलं की कोणत्या शाळेत काय चाललंय. एका मुलीने संपूर्ण परिच्छेद घडाघडा म्हटला आणि खाली शिक्षकाने लिहिलं होतं, ‘पाठ आहे. वाचता येत नाही.’ वीसपैकी वीसपेक्षा मला ती नोंद मोलाची वाटली.

अडचण अशी की या नोंदींना उत्तर द्यायला माणूस लागतो. मी रात्री फोनवरून देते, पण फोनवर वर्ग दिसत नाही. याबद्दल वाचताना दक्षिण आफ्रिकेचा एक अभ्यास सापडला. म्पुमलांगा प्रांतात मुलांची घरची भाषा एक आणि जोडीला इंग्रजी शिकायची, म्हणजे थोडंफार आमच्यासारखंच. १८० शाळा. काही शाळांतल्या शिक्षकांकडे मार्गदर्शक वर्गात येऊन बसायचे, काहींना तेच मार्गदर्शन टॅबलेटवर आणि फोनवरून मिळायचं. पहिल्या वर्षी दोन्ही जवळपास सारखंच चाललं. तीन वर्षांनी मोजलं, तर तोंडी इंग्रजीत प्रत्यक्ष भेटींचा परिणाम ०.३१ प्रमाण विचलन आणि दूरस्थ मार्गदर्शनाचा ०.१२. इंग्रजी वाचनात दूरस्थ मार्गदर्शनाने काहीच फरक पडला नाही, आणि घरच्या भाषेतलं वाचन त्या शाळांत मागे गेलं. हे शेवटचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. पावरीच्या शाळांचं काय होईल, हा विचार डोक्यातून जाईना.

म्हणून मी तक्त्यात एक रकाना नवा घातला : प्रवासभत्ता. प्रत्येक केंद्रातल्या सुलभकाला महिन्यातून दोन शाळांत जाऊन बसता यावं, एवढाच. तक्ता वर गेला आणि शेऱ्यासह परत आला : ‘प्रशिक्षण ऑनलाइन असताना प्रवासभत्ता कशासाठी?’ खुलासा मी दोन पानांचा लिहून दिला, म्पुमलांगाच्या आकड्यांसह, बीडच्या शिक्षकाच्या प्रश्नासह. साहेबांनी वाचला. म्हणाले, मुद्दा पटतो, पण वर दोन पानं कुणी वाचत नाही, अर्ध्या पानात बसवा. आकडे ठेवावेत की प्रश्न ठेवावा, एवढं ठरलं की पाठवते.